चार नंबरच्या चिठ्ठ्या

"एक बाही माह्या मापाची, एक माह्या लेकीच्या मापाची. दोघींनी मिळून घालाचा काय वं माय हा ब्लाऊज?"

ट्रायल रूमच्या पडद्यामागून कुरकुर आली. ट्रायल रूम म्हणजे तरी काय, दुकानाच्या कोपऱ्यात एक दांडी, दांडीवर फुलाफुलांचा पडदा. त्या पडद्याला खेटून मेघाचं कॉम्प्युटरचं स्टूल. त्यामुळे इतवारीतल्या निम्म्या बायकांची दंडाची, कमरेची आणि सासरची दुःखं तिला हातभर अंतरावरून ऐकू येत. आतल्या बाई होत्या बायजाबाई. चाळीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. 'मनोहर लेडीज टेलर्स'ची पाटी लागली नव्हती तेव्हापासून मनोहररावांच्याच हातचं घालत आलेल्या.

पडदा सरला. बायजाबाई बाहेर आल्या. उजवा दंड बाहीत कोंबलेला, डावा बाहीत पोहत असलेला. कटिंगच्या टेबलामागे मनोहरराव कात्री घेऊन उभे होते. त्यांच्याकडे पाहिलं मात्र, आणि बाईंचा आवाज एकदम मवाळ झाला.

"मनोहरराव, काही नाही हो, थोडंसं आल्टर आहे. माहाच एक हात सुजला असंल."

"कपडा ओढला गेला असंल बाई," मनोहरराव म्हणाले. आवाजाच्या दिशेनं जरा जास्तच वळून. "सिल्क मोठं बदमाश राहते. ठेवून जा. परवा नेजा."

"आज उजेड बी कमीच हाय," खिडकीजवळच्या मशीनवरून कांताबाई म्हणाल्या.

डोक्यावर तीन ट्यूबलाइट जळत होत्या.

बायजाबाईंनी ब्लाऊज काउंटरवर ठेवला. मेघानं भिंतीवरच्या आकड्यावरून त्याची चिठ्ठी काढली, तेवढ्यात कांताबाई उठून आल्या. "द्या वहिनी, चिठ्ठी मीच लावते. तुमचं कॉम्प्युटरचं काम राहून जाईन." चिठ्ठी घेतली, काउंटरवरचा पेन उचलला, आणि दोन मिनिटांनी ती परत मेघाच्या ढिगात आली. मेघानं पाहिलं नाही. पाहायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता या दुकानाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कपडा शिवायला आला की त्याला एक चिठ्ठी. गिऱ्हाइकाचा नंबर, कपडा कोणता, कधी द्यायचा, हे सगळं मेघा काउंटरवर निळ्या पेनानं लिहायची. खाली एक चौकट, 'कटिंग'. ज्यानं कापलं त्यानं लाल पेन्सिलीनं आपला नंबर त्यात घालायचा. सहा नंबर अश्विनचा. तो कुर्ते, सलवारी कापायचा. चार नंबर कांताबाईंचा. त्यांचं मुख्य काम शिवणाचं, पण अस्तर, परकर, साधे ब्लाऊज त्या कापायच्याही. एक, दोन, तीन, पाच हे कधीकाळी होते, कोणी गावी गेलं, कोणी दुसरीकडे. त्यांचे नंबर कोणाला दिले नव्हते.

आणि मनोहररावांना नंबर नव्हता. "मालकाले नंबर नसते," हा त्यांच्या उस्तादाचा नियम. मास्तरनं कापलेल्या कपड्याची चौकट कोरी राहायची. कोरी चौकट म्हणजेच मास्तरचा हात. शहाण्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. काही बायका चिठ्ठी उलटसुलट करून पाहत आणि चौकट कोरी दिसली की समाधानानं पिशवी उचलत.

गेल्या दसऱ्याला मेघानं हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली. मेघा मनोहररावांची सून, वय शेहेचाळीस, शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. कॉम्प्युटरवर याद्या जोडायचं हे नवीन शास्त्र ती शिकली ते मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून, पोळ्या लाटता लाटता. शिकवणारा मुलगा भराभर बोलायचा. कुकरची शिट्टी झाली की एखादी महत्त्वाची ओळ निसटायची आणि मग कणकेच्या बोटानं मागे न्यावं लागायचं. मोबाइलची काच अजून पिठाळ आहे. सीताबर्डीच्या फुटपाथवर तिला या विषयाचं एक जुनं पुस्तकही मिळालं होतं, आधीच्या मालकानं पहिली तीस पानं रंगवून पुढे हात टेकलेलं. मेघानं पुढचीही रंगवली.

त्या भाषेत वहीला टेबल म्हणतात. पण दुकानात टेबल एकच, कटिंगचं, बाबांचं. म्हणून ती आपली वहीच म्हणायची. एक वही गिऱ्हाइकांची, एक मापांची, एक कारागिरांची, एक चिठ्ठ्यांची. दोन वह्या समोरासमोर ठेवायच्या, एकीतल्या नंबरावर बोट ठेवायचं, तोच नंबर दुसरीत शोधायचा, आणि दोन्ही ओळी एकमेकींना बांधायच्या. एवढंच तर आहे, असं तिला वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात वह्यांनी तिला रडवलं. मापं आणि चिठ्ठ्या जोडल्या तर दुकानाचे कपडे तिप्पट झाले. बायजाबाईंचा एक ब्लाऊज नऊ वेळा! मेघा दोन दिवस डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना उजेड पडला. बायजाबाईंची मापंच नऊ होती. बाई एकच, पण दर दोन-चार वर्षांनी इंच वाढत गेलेली, आणि मनोहररावांनी एकही माप कधी खोडलेलं नाही. मशीन बिचारं प्रामाणिक, प्रत्येक मापाशी ब्लाऊजची एकेक गाठ मारत बसलं. मग तिनं त्याला सांगितलं, बाबा रे, प्रत्येक बाईचं फक्त शेवटचं माप घे. जुनी मापं आठवणींसाठी असतात, शिवायला नसतात. कपडे गुमान आपल्या आकड्यावर आले. त्या दिवशी तिनं एकटीनंच चहा करून घेतला, आलं घालून.

इथवर सगळं कौतुकाचं होतं. मग माघात कपडे परत यायला लागले.

कुणाचा मुंढा काखेत घट्ट, कुणाचा गळा एका बाजूला उतरलेला. एका नवरीचे तर सातही ब्लाऊज उसवावे लागले. मेघाचा नवरा पुष्कर हल्ली दुकान पाहायचा. वैशाखातल्या लग्नांची कामं डोक्यावर आली, तसा तो घायकुतीला आला.

"मेघा, तुझ्या त्या मशीनला विचार ना. कोणाच्या हातानं बिघडून राहिलं ते एकदाचं कळू दे. ते तर खोटं बोलत नाही ना?"

"ते बोलतच नाही," मेघा म्हणाली. "विचारलं तेवढंच सांगते."

बायजाबाई ब्लाऊज ठेवून गेल्या त्याच संध्याकाळी तिनं विचारलं. चिठ्ठ्यांच्या वहीसमोर कारागिरांची वही ठेवली, कटिंगच्या नंबरावर नंबर जुळवला, आणि प्रत्येकाच्या नावापुढे कापलेले किती, परत आलेले किती, ते मागवलं. उत्तर दोन ओळींत आलं. अश्विन, कापले तीनशे दोन, परत नऊ. कांताबाई, कापले एकशे एकोणतीस, परत चौतीस.

पुष्करनं कागद हातात घेतला आणि खुर्चीत बसला.

"चौतीस?"

"तसं दिसून राहिलं."

"वय झालं का कांताबाईचं..." तो पुटपुटला. मनानं वाईट नव्हता तो. याच कांताबाईंनी शाळेत असताना त्याच्या चड्ड्यांची बटणं लावून दिली होती. "उद्या दुपारी बोलतो. मशीनवर दुसरी बाई बसवू. यांना घरी हूक-काजं देऊ. काम तर सुटणार नाही ना त्यांचं."

काम सुटणार नव्हतं. जागा सुटणार होती. खिडकीजवळची ती जागा अडतीस वर्षांपासून कांताबाईंची होती. नवरा गेल्यावर परकराच्या तुरपाईला म्हणून आलेल्या बाईला मनोहररावांनी त्या मशीनवर बसवलं होतं आणि शिवण शिकवलं होतं. रोज सकाळी दहाला त्या दारातून "जयभीम मास्तर" म्हणत, मास्तर मान वर न करता "जयभीम, या" म्हणत, आणि मग दुकान सुरू होई. शटर साडेनऊलाच उघडलेलं असे, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्ध ओढलेलं होतं. जेवणाची वेळ. मनोहरराव आणि अश्विन मागच्या खोलीत डबा खात होते. पुष्कर पलीकडच्या गल्लीत अस्तराचं कापड आणायला गेला होता. मेघा कॉम्प्युटरपुढे तो कागद घेऊन बसली होती.

मेघाला एक सवय होती. पोळ्या केल्या की मोजायच्या. किती केल्या, किती वाढल्या, किती उरल्या. मेळ बसला नाही तर तिला चैन पडत नसे. तिनं कागदावरचे दोन आकडे मिळवले. तीनशे दोन आणि एकशे एकोणतीस. चारशे एकतीस.

चिठ्ठ्या तर सहाशे चाळीस होत्या.

दोनशे नऊ कपडे गेले कुठे?

तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. अगं बाई, पंगत! त्या पोरानं मोबाइलमध्ये सांगितलं होतं, नेमकी तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती. साधी जोडणी ही फार कडक वाढपी असते. दोन्ही याद्यांत नाव असेल त्यालाच ताट. एकीत आहे आणि दुसरीत नाही, तो मुकाट्यानं उठतो, आणि कोण उठून गेलं हे वाढपी सांगतही नाही. दुसरी जोडणी असते ती डाव्या यादीची. तिचा नियम असा, की डावीकडे नाव असलेला एकही माणूस उपाशी उठता कामा नये. उजवीकडे त्याचं कोणी सापडलं नाही तर वाटी रिकामी ठेवा, पण ताट उचलू नका.

आणि कारागिरांच्या वहीत बाबा नव्हतेच. त्यांना नंबरच नव्हता, तर त्यांना लिहिणार कशी? चाळीस वर्षं ज्यांच्या नावावर दुकान चाललं, त्यांनाच तिनं पंगतीतून उठवलं होतं.

मेघानं एक शब्द बदलला. जोडणी डावी केली. या वेळी उत्तर तीन ओळींत आलं. तिसऱ्या ओळीत नावाच्या जागी काही नव्हतं. कापले दोनशे नऊ. परत, शून्य.

तिला आधी बरं वाटलं. बाबांचं एकही परत नाही! मग ते बरं वाटणं हळूहळू बसत गेलं, फुगलेली पुरी बसते तसं.

दोनशे नऊमध्ये एकही नाही? कसं शक्य आहे? बायजाबाईंचा ब्लाऊज परत आला होता. बायजाबाई बाबांशिवाय कोणालाही कात्री लावू देत नाहीत.

दोऱ्यांच्या रिकाम्या खोक्यांत चिठ्ठ्या महिन्यावार बांधलेल्या होत्या. तिनं परत आलेल्या कपड्यांच्या चिठ्ठ्या काढून काउंटरवर पसरल्या. चार नंबरच्या चौतीस. त्यातल्या पाच चिठ्ठ्यांवर चारचा आकडा लाल पेन्सिलीचा होता, कटिंगच्या वेळी लिहितात तसा. एकोणतीसांवर निळा. काउंटरवरच्या पेनाचा. म्हणजे कपडा कापताना नव्हे, परत आल्यावर लिहिलेला. आणि मेघानं प्रत्येक वेळी, बिनडोकासारखं, 'आधी लिहायचा राहिला असेल' म्हणून आपल्याच हातानं तो चार वहीत चढवला होता.

शिवणयंत्र थांबलं होतं. मेघानं मान वर केली. कांताबाई खिडकीशी बसून तिच्याकडेच पाहत होत्या. त्यांच्यापुढे सुयांची उशी होती आणि उशीत सात सुया दोरा ओवून तयार. स्वतःसाठी कोणी सात सुया ओवून ठेवत नाही.

"कांताबाई, हे काय केलं तुम्ही?"

"काय केलं?" कांताबाई उठून जवळ आल्या. चिठ्ठ्या पाहिल्या. पदर तोंडाशी नेला आणि आवाज एकदम खाली आला. "तुम्हीच म्हनत होत्या ना वहिनी, का आता मशीन सांगंल कोणाची किती चूक हाय थे. मले भेव वाटलं. मास्तरचं नाव निघालं तं? त्याहीच्या पोरासमोर? मंग टाकला माहा नंबर. माह्या नंबरले काय होते?"

"अहो, त्यांचं नाव निघालंच नसतं! त्यांना नंबरच नाही. माझ्या जोडणीत ते गळलेच होते. तुम्ही काही केलं नसतं ना, तर ते कागदावर कुठे दिसलेच नसते."

कांताबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"म्हंजे मी काहून एवढी मेहनत केली?"

मेघाला हसू आलं. ते आलं तसं डोळ्यांत उतरलं. कांताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जणू चूक मेघाचीच आणि समजूत घालणं त्यांचं काम.

"आन् हे लाल पाच माहे हायेत म्हनता? पाच नसतील, तीन असतील. दोन अश्विनचे लागते मले."

"पाचच आहेत."

"असूद्या मंग."

मेघानं डोळे पुसले. दिवाळीपासूनचं सगळं तिच्यासमोर आता ओळीनं उभं राहत होतं. पुष्करनं एकामागून एक आणलेल्या ट्यूबलाइट. दुकानात इतका उजेड झाला होता, की शेजारचा भांडेवाला दिवसा आपला दिवा लावेनासा झाला. अश्विन बाबांना कापड आखून देताना खडूच्या रेघा जाड ओढायचा, बोटभर जाड, आणि विचारलं तर "खडूच असा आला" म्हणायचा. ती स्वतः मापाचे कागद मोठ्या अक्षरांत छापायची. कोणी सांगितलं होतं तिला? कोणीच नाही. बायजाबाईंचा एक हात सुजायचा. प्रत्येकाकडे आपापलं एक पान होतं, आणि ती पानं एकमेकांशेजारी ठेवायची हिंमत कोणी केली नव्हती.

"पुष्कर आज तुमच्याशी बोलणार आहे," ती म्हणाली. "मशीनवर दुसरी बाई बसवायचं म्हणतो. मी सांगते त्याला खरं काय ते."

"नाही." कांताबाईंनी तिचं मनगट धरलं. "शपथ हाय तुम्हाले. मले कुठीबी बसून शिवता येते वहिनी. मास्तरच्या हातातली कात्री खाली ठेवली, तं मास्तर कुठी बसतीन?"

मेघानं कॉम्प्युटरवरच्या तीन ओळी बंद केल्या.

शटर खडखडलं. पुष्कर अस्तराचा गठ्ठा घेऊन आत आला. मागच्या खोलीतून मनोहरराव भिंतीला हात लावत बाहेर आले आणि आपल्या टेबलामागे जाऊन हातात कात्री चाळवत उभे राहिले. टेबलाशी आले की त्यांना भिंत लागत नसे. टेबलाची कड न् कड त्यांच्या हाताला पाठ होती. अश्विन विसळलेले डबे घेऊन दारातच थांबला.

पुष्करनं गठ्ठा ठेवला, पाणी प्यायला, परत प्यायला.

"कांताबाई, एक बोलायचं होतं." त्यानं खिशातून कालचा कागद काढला. "राग नका मानू. दसऱ्यापासून तुमच्या हातचे चौतीस परत आले. पुढं लग्नाची कामं आहेत. मी म्हणतो, उद्यापासून हूक-काजं तुम्ही घरीच करा. आराम पण होईल. मशीनवर दुसरी बाई..."

"हो भाऊ," कांताबाई लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच, की पुष्करचं वाक्य तोंडातच राहिलं. "चुका तं होऊनच राहिल्या माह्या. वय झालं."

त्या खिडकीशी गेल्या. मशीनच्या खणातून त्यांनी आपली छोटी कात्री काढली, बटणांचा डबा काढला, मशीन पुसायचा फडका काढून घडी केला. सुयांची उशी उचलली, थोडा विचार केला, आणि ती तशीच, सात दोऱ्यांसकट, कटिंगच्या टेबलावर मनोहररावांच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवली.

"आपली यादी अर्धी आहे," मेघा म्हणाली.

ती बोलली खरी. शपथ मोडायची नव्हती आणि गप्पही बसवत नव्हतं, त्यामुळे मधलंच काहीतरी तोंडातून गेलं.

"अर्धी म्हणजे?" पुष्कर वळला.

"सहाशे चाळीस चिठ्ठ्या आहेत. तुझ्या कागदावर चारशे एकतीस. दोनशे नऊ मी चुकीनं गाळले होते."

"कोणते दोनशे नऊ?" हे मनोहररावांनी विचारलं.

मेघानं कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाई मान हलवत होत्या.

"ज्यांची चौकट कोरी आहे ते, बाबा."

"म्हंजे माहे."

"हो."

"मंग सांग ना. माहे किती परत आले?"

"एकही नाही, बाबा."

मनोहररावांनी कात्री खाली ठेवली नाही, पण ती हलायची थांबली. मग ते हसले. मिशीतल्या मिशीत, जुनं काहीतरी आठवावं तसं.

"एकबी नाही? दोनशे नवात? माह्या उस्तादाकडं राजघराण्याचे कपडे येत. त्याहीचे बी शंभरात दोन परत येत. आम्ही पोट्टे हसलो, तं म्हनाले, ज्याचा एकबी परत येत नाही, त्याचं गिऱ्हाईक मेलं असंल नाहीतं कारागीर खोटा असंल." ते थांबले. "माहे गिऱ्हाईक तं जिते हायेत. बायजाबाई काल येऊन गेल्या. त्याहीचा ब्लाऊज कुठी आहे?"

पुष्करनं आकड्यावरच्या ब्लाऊजकडे पाहिलं.

"अश्विन, आन बरं."

अश्विननं हात पुसले, आकड्यावरून तो सिल्कचा ब्लाऊज काढला आणि टेबलावर ठेवला. मनोहररावांनी तो पाहिला नाही. उलटा केला आणि खांद्याच्या शिवणीवरून आतल्या बाजूनं बोटं फिरवू लागले, सावकाश, दाणे निवडावेत तशी. सगळे शिंपी कटिंग करताना खांद्याच्या खुणेसाठी कपड्याच्या काठाला एक बारीक चीर देतात. मनोहरराव दोन देत. एक उस्तादाची, एक आपली, असं ते म्हणायचे. ती दुसरी चीर त्यांनी कोणाला शिकवली नव्हती.

बोट एका जागी थांबलं. पुढे गेलं, दुसऱ्या चिरेवर थांबलं. परत मागे आलं.

"याच्या चिठ्ठीवर कोणता नंबर हाय?"

"मास्तर, जाऊद्या ना," कांताबाई म्हणाल्या. "तो मीच..."

"मी तुले नाही विचारलं, कांता. पुष्कर, तू वाच."

पुष्करनं ढिगातून चिठ्ठी शोधली. "चार," तो म्हणाला. मग त्यानं ती नीट पाहिली, काउंटरवर पसरलेल्या बाकीच्या पाहिल्या, निळे आकडे पाहिले, लाल पाहिले. मेघाला त्याचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर नवीन काही कळल्यासारखं नव्हतं. तीन ट्यूबलाइट त्यानंच तर आणल्या होत्या.

"बाबा," तो घाईघाईनं म्हणाला, "त्या दिवशी लाइट गेली होती ना बहुतेक. आणि या बाजूला उजेडच येत नाही. मी उद्या अजून एक..."

मनोहररावांनी हात वर केला. ब्लाऊजची घडी घातली, काठाला काठ लावून, बोटांनीच. कात्री त्या घडीवर ठेवली. मग चाचपत सुयांची उशी शोधली, ओवलेल्या सुया एकेक करून मोजल्या, आणि उशी कांताबाईंच्या आवाजाच्या दिशेनं पुढे केली.

"हे घे, आन् आपल्या जागेवर जाऊन बस. तुह्या हातची चूक मले ओळखू येते, ते वेगळीच राहते." आवाज शांत होता, थोडा मस्करीचासुद्धा. "उजेड भरपूर हाय, पुष्कर. मले दिसून नाही राहिलं."